विश्लेषण : धनुष्याच्या साइटला पिन एक हवी की अनेक?

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंड धनुष्याचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच खेळला जाणार आहे. त्यामुळे नंदुरबारसारख्या, तीरकामठा घराघरात ठाऊक असलेल्या जिल्ह्यातील मुलांसाठी नवी वाट खुली झाली आहे. मात्र या मुलांसाठी कंपाऊंड धनुष्य घ्यायला निघालेल्या पालकासमोर किंवा शाळेसमोर इंटरनेटवर पहिल्यांदा येतो तो अमेरिकी शिकाऱ्यांसाठी बनवलेला माल. त्यातला निर्णायक फरक धनुष्यावर बसवलेल्या बोटभर पिनांचा आहे.

साइट म्हणजे काय आणि ती लागते कशाला?

बाण सरळ रेषेत जात नाही, सुटल्या क्षणापासून तो खाली येऊ लागतो. सेकंदाला सुमारे ८२ मीटर वेगाने सुटलेला बाण २० मीटरवर पोहोचेपर्यंत साधारण ३० सेंटिमीटर खाली येतो, तर ५० मीटरवर तब्बल १८० सेंटिमीटर. हवेचा विरोध धरला तर थोडा अधिकच. म्हणून अंतरानुसार धनुष्य कमी-जास्त वर धरावे लागते. किती वर, हे दाखवणारी खूण म्हणजे साइट. तिच्या टोकावरची चमकती पिन लक्ष्यावर टेकवली की धनुष्याचा कोन आपोआप बरोबर होतो, पण फक्त त्या पिनेला नेमून दिलेल्या अंतरासाठीच.

मग शिकारी अनेक पिना का लावतात?

कंपाऊंड धनुष्याचे पेटंट मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये मिळाले आणि अमेरिकेत ते प्रामुख्याने शिकाऱ्यांनी उचलून धरले. तिथे २०, ३०, ४०, ५० यार्ड अशा अंतरांसाठी एकाखाली एक पिना लावायची पद्धत आहे. हरीण जागा बदलते. दोरी ताणलेली असताना साइटचे चाक फिरवत बसायला वेळ नसतो, डोळ्याने दुसरी पिन निवडायची आणि बाण सोडायचा. तोटा असा की ऐन क्षणी चुकीची पिन निवडली जाऊ शकते आणि पिनांच्या गर्दीत लक्ष्य झाकले जाते. एका पिनेच्या साइटमध्ये नजर स्वच्छ राहते, अंतर नेमके लावता येते, पण जनावर हलले की गणित बिघडते. वरच्या बाणाच्या हिशेबाने, ३० मीटरला लावलेल्या पिनेने ३५ मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरला तर बाण सुमारे १३ सेंटिमीटर खाली लागतो. एवढी चूक म्हणजे जनावर जखमी होऊन पळण्याची शक्यता. त्यामुळे दाट झाडीत जवळून शिकार करणारे अनेक पिना पसंत करतात, तर मोकळ्या जागी, अंतर आधी मोजून बसणारे एक.

हा वाद सातपुड्यात लागू होतो का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम ९ने संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली आहे. मानवी जीविताला धोका किंवा पिकांचे नुकसान अशा प्रसंगी कलम ११नुसार वन विभागाची परवानगी मिळू शकते, पण तो अपवाद. २००६चा वनहक्क कायदा आदिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य करतो, पण कलम ३मध्येच शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळतो. म्हणजे धडगाव असो की अक्कलकुवा, शिकारीसाठी साइट निवडण्याचा प्रश्न कायद्यानेच निकाली काढला आहे. उरतो तो मैदानाचा प्रश्न.

मैदानाचे गणित वेगळे कसे?

मैदानात लक्ष्य हलत नाही आणि अंतर ठरलेले असते. कंपाऊंडसाठी ते ५० मीटर. दहा गुणांचे वर्तुळ केवळ ८ सेंटिमीटर व्यासाचे. तिथे एकच अंतर, एकच बिंदू आणि त्याच बिंदूवर हजारो वेळा तोच नेम. दुसऱ्या पिनेला कामच नाही, ती फक्त नजर विचलित करते. म्हणून स्पर्धेतील कंपाऊंड तिरंदाज वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवता येणारी साइट वापरतात. तिच्यात भिंग, मधोमध एक ठिपका आणि धनुष्य तिरके झाले की सांगणारा पाण्याचा बुडबुडा असतो. रिकर्व्ह प्रकारात तर नियमच एकापेक्षा अधिक नेमबिंदू आणि भिंग नाकारतो.

महाराष्ट्राला या शिस्तीचे फळ मिळालेले आहे. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाऊंडची वैयक्तिक सुवर्णपदके एकाच दिवशी जिंकली. ओजसने अंतिम फेरीत १५०पैकी १५० गुण घेतले. दोघेही साताऱ्यात प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले.

खरेदीत नेमके काय पाहावे?

स्पर्धेसाठीचा पूर्ण कंपाऊंड संच लाखाच्या पुढे जातो. शिकारीचा ‘तयार संच’ त्या मानाने स्वस्त दिसतो आणि मोह तिथेच होतो. अशा संचासोबत बहुधा अनेक पिनांची साइट येते, पुष्कळदा पिना उजळवणारा बॅटरीचा दिवाही. जागतिक तिरंदाजीच्या नियमांत साइटवर विजेची साधने चालत नाहीत. कंपाऊंडचा जोर ६० पौंडांपेक्षा अधिक चालत नाही, शिकारीची अनेक धनुष्ये मात्र ७० पौंडांची असतात. म्हणजे पैसे वाचवून घेतलेले धनुष्य पंचांच्या तपासणीतच बाद होऊ शकते आणि मुलाचे वर्ष वाया जाते. अनेक पिनांची साइट आधीच घेतली असेल तर ती फेकून देऊ नये. एक पिन ठेवून बाकीच्या काढाव्यात, ती ५० मीटरला लावावी आणि दिवा उतरवावा. सरावाला तेवढे पुरते.

मग बांबूच्या कामठ्याचे काय?

तो अडगळीत टाकणे ही सर्वांत मोठी चूक ठरेल. भिल्ल, पावरा मुलाला साइट नसतानाही अंतर डोळ्याने कळते, बाण किती खाली येईल याचा अंदाज हाताला असतो. ही समज कोणत्याही पिनेतून येत नाही. उदयपूर भागातील आदिवासी कुटुंबातून आलेले लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरूनच सुरुवात करून १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपर्यंत पोहोचले. इंडियन राऊंड हा साध्या धनुष्याचा प्रकारही देशांतर्गत स्पर्धांत आहे. तेव्हा आश्रमशाळांत पहिली वर्षे साध्या धनुष्याची असावीत आणि महागडे कंपाऊंड त्यातून पुढे आलेल्या मोजक्या मुलांच्या हाती द्यावे, तेही एका पिनेचे. जिल्हा क्रीडा कार्यालय आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी साहित्याची मागणी नोंदवताना नुसते ‘धनुष्य संच’ न लिहिता प्रकार, जोर आणि साइट यांचा तपशील लिहिला, तरी निम्मे काम होईल.