मूळचे कुठले?

पुणे, चाकण किंवा हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'तुम्ही मूळचे कुठले?' केमचा मुलगा सांगतो, 'केमचा. करमाळा तालुका, जिल्हा सोलापूर.' विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. 'ते झाले, पण त्याच्या आधी?' पाठोपाठ कौतुकही येते, 'मराठी मात्र छान बोलता हं!' जो पहिलीपासून मराठी शाळेत शिकला, त्याला हे कौतुक टोचते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असेलच असे नाही. पण या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, हे एकदा तपासून पाहायला हवे.

आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले अभिमानाचे : आमचे पूर्वज अरबस्तानातून, इराणातून आले. दुसरे बचावाचे : आम्ही पूर्वीचे हिंदूच, इथल्याच मातीतले. काही घरांबाबत पहिले खरे असेल, बहुसंख्य घरांबाबत दुसरे. पण दोन्ही उत्तरांत आपले आजोबा काय काम करत होते, हे कुठेच येत नाही. पहिल्या उत्तरात तर उच्च-नीचतेचा जुना रोग आहे. परदेशी वंश सांगणारा खानदानी आणि पान विकणारा, कापूस पिंजणारा हलका, ही उतरंड आपणच जपली आहे. इस्लामच्या समतेचे दाखले देत असतानाही जपली आहे.

आपली आडनावे मात्र वेगळेच सांगतात. तांबोळी, बागवान, अत्तार, मणियार, पिंजारी, शिकलगार, मोमीन. प्रत्येक नाव म्हणजे एक धंदा आणि एक हुन्नर. गावगाड्यातील बलुतेदारांच्या अनेक याद्यांत मुलाणी आहे. तो गावाचा पाहुणा नव्हता, गावाच्या व्यवहाराचा भाग होता.

अमेरिकेत लॅटिन अमेरिकी वारसा असलेल्या नागरिकांसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा महिना पाळला जातो. १९६८ मध्ये तो आठवडा होता, १९८८ मध्ये महिना झाला. या काळात अनेक कंपन्यांतील कर्मचारी आपल्या घराण्याविषयी बोलतात. कोणाची आजी मेक्सिकोतून शेतमजुरीसाठी आलेली असते, कोणाचे वडील एल साल्वादोरमधील युद्धातून जीव वाचवून आलेले असतात. काहीजण मात्र सांगतात की, आमचे लोक कुठूनही आले नाहीत. १८४८ मध्ये युद्ध हरलेल्या मेक्सिकोने मोठा प्रदेश गमावला आणि माणसे जागेवर असतानाच देश बदलला. एकाच नावाखाली इतक्या वेगळ्या कहाण्या आहेत. कंपनीच्या अशा कार्यक्रमात शोभेचा भाग असतोच, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे : मजुरी करणारी आजी तिथे लपवली जात नाही.

आपल्याकडेही सर्व कहाण्या एकसारख्या नाहीत. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोहोचला. केम याच मार्गावरचे स्टेशन. १८७७ मध्ये सोलापुरात कापडाची पहिली गिरणी सुरू झाली आणि माणसे कामाच्या मागे शहरात येऊ लागली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. आज सोलापुरी चादरीला कोणी परकी म्हणत नाही. १८५७ नंतर उत्तर भारतातून मोमीन विणकर मालेगावला आले आणि त्यांनी हातमागावर ते शहर उभे केले. स्थलांतर हा गुन्हा नाही आणि विशेष मानाचा बिल्लाही नाही. बहुतेक वेळा ते पोटासाठी केलेले असते, जसे आज केमहून पुण्याला जाणाऱ्या मुलाचे आहे.

सोलापूर जिल्ह्यानेच दोन नावे दिली आहेत. मार्शल लॉच्या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांचे पुढारी होते. बार्शीचे शाहीर अमर शेख कामगारांतून आले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज झाले. त्यांना कोणी 'मूळचे कुठले' असे विचारत बसले नाही. त्यांची ओळख कामाने आणि लढ्याने ठरली.

मुळांचा हा शोध केवळ अस्मितेपुरता नाही. त्यावर शिक्षण आणि नोकरी अवलंबून आहे. महाराष्ट्रातील अनेक मुस्लिम व्यावसायिक जाती इतर मागासवर्गात येतात. त्यासाठी शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली, दिलीपकुमार यांनीही तिला साथ दिली. पण दाखला मागायला गेले की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. धंदा लिहिलेलाच नसतो. मग हक्काची सवलत असूनही मुलगा खुल्या प्रवर्गात अर्ज भरतो. खानदानीपणाच्या हौसेपायी ज्यांनी धंद्याचे नाव टाकून दिले, त्यांच्या नातवंडांना आज हीच अडचण येते.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. या सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा : आपण कोणते काम करत होतो? या गावात कधीपासून आहोत? कोण कुठून आले, का आले? जुने कागद कुठे आहेत? नानीला तिच्या माहेराविषयी विचारा, कारण बायकांचे कष्ट कोणत्याच दाखल्यावर येत नाहीत. केमचे कुंकू महाराष्ट्रभर जाते, पुडीवर दुकानाचे नाव असते, पण हळद दळणाऱ्या आणि पुड्या भरणाऱ्या हातांचे नसते. ऐकलेले तारखेसह वहीत उतरवा. शाळेचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा जुना कागद यांच्या प्रती काढून ठेवा. जे समजेल ते जसेच्या तसे लिहा. शरमेची वाटणारी गोष्ट गाळू नका आणि नसलेला सय्यद जोडू नका.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. या देशातला आपला हक्क पूर्वज किती जुने यावर ठरत नाही. संविधानाचे कलम १६(२) सरकारी नोकरीत धर्म, जात, वंश किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. सात पिढ्या केममध्ये असलेला आणि काल आईवडिलांसोबत केममध्ये आलेला नागरिक, दोघे सारखेच. तेव्हा पुढच्या वेळी ऑफिसात कोणी 'त्याच्या आधी कुठले?' असे विचारले, तर चिडू नका, सफाईही देऊ नका. आजोबा पिंजारी होते, गावोगाव फिरून गाद्या भरत, असे सरळ सांगा. आणि मग त्यालाही विचारा, 'तुमचे आजोबा काय करत होते?'