चमत्कृतीच्या जगातील व्यवहारज्ञान

गंभीर वाचन म्हणजे चरित्रे, वैचारिक ग्रंथ आणि फार तर सामाजिक कादंबरी, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची एक पक्की धारणा आहे. अद्भुतकथा मुलांसाठी, विज्ञानकथा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि विनोद प्रवासात वेळ घालविण्यासाठी, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. साहजिकच या तिन्हींचा संगम साधणाऱ्या कादंबऱ्यांना प्रौढ वाचकाच्या कपाटात जागा उरत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ही वाटणी तोट्याचीच वाटेल.

डग्लस अ‍ॅडम्स यांची ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही कृती १९७८ साली बीबीसीवर श्रुतिका म्हणून आली आणि १९७९ मध्ये कादंबरी झाली. तीत अंतराळातील एका रस्त्यासाठी अवघी पृथ्वी पाडली जाते. आराखडे पन्नास वर्षे पाहणीसाठी खुले होते, मग हरकत का घेतली नाही, असे वर विचारले जाते. ते कार्यालय मात्र दुसऱ्या ताऱ्यापाशी! ज्याने भूसंपादनाच्या नोटिशीचा पाठपुरावा केला आहे, त्याला यात अद्भुत असे काही वाटणार नाही. १९८० सालच्या पुढील भागात एक जमात झाडाच्या पानांनाच चलन ठरविते. सारेच धनाढ्य होतात. पण एका शेंगदाण्याला तीन अरण्ये मोजावी लागतात. उपाय म्हणून अरण्ये जाळण्याचे ठरते. चलनसंख्यामान सिद्धान्त याहून थोडक्यात कोणी शिकविला आहे?

टेरी प्रॅचेट यांनी १९८३ पासून ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत ४१ कादंबऱ्या लिहिल्या. ‘मेन अ‍ॅट आर्म्स’ (१९९३) मधील व्हाइम्स हा पोलीस अधिकारी बुटांचा हिशेब मांडतो. श्रीमंताचा पन्नास डॉलरचा जोड वर्षानुवर्षे टिकतो. गरिबाचा दहा डॉलरचा एकदोन हंगामांत फाटतो. दहा वर्षांत गरीब शंभर डॉलर खर्चतो आणि त्याचे पाय ओले ते ओलेच. महिनाअखेरीस पावशेराने साखर नेणाऱ्याला आणि तासिका तत्त्वावर राबत हप्त्याने पंखा घेणाऱ्या अध्यापकाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. २०२२ साली ब्रिटनमध्ये गरिबांना जाणवणारी महागाई मोजण्यासाठी जो निर्देशांक सुचविला गेला, त्याला याच बुटांचे नाव देण्यात आले. ‘मेकिंग मनी’ (२००७) मध्ये तर बँकेच्या तळघरात पाण्यावर चालणारे अर्थव्यवस्थेचे यंत्रच आहे. ती निव्वळ कल्पना नव्हे. बिल फिलिप्स यांनी १९४९ साली तसे यंत्र खरोखर बनविले होते.

या लेखनातील शब्दखेळ भाषांतरात बराचसा हरवतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु भूमी आपल्याला अनोळखी नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी उपहासाने रूढींची झाडाझडती घेतली. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली. या दोन प्रवाहांचा संगम मराठीत अजून विपुल नाही, एवढेच.

परिचित अन्याय रोज पाहून डोळ्यांना दिसेनासा होतो. तोच परक्या ग्रहावर नेऊन ठेवला की आपण प्रथम हसतो आणि मग दचकतो. हे दचकणे नागरिकाला आवश्यक आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मार्गदर्शिकांच्या खरेदीतून थोडी रक्कम वाचवून ही पुस्तके आणावीत. विद्यार्थी परीक्षेपुरते सूत्र पाठ करतील. बुटांचा हिशेब मात्र जन्मभर विसरणार नाहीत.