सप्लाय, प्रोव्हाइड आणि आमचा हक्क

मराठीत 'पुरवठा' या एका शब्दावर आमचे पुष्कळ काम भागते. पाण्याचा पुरवठा, विजेचा पुरवठा, रेशनचा पुरवठा. तहसील कचेरीत पुरवठा विभाग असतो आणि जिल्ह्याला जिल्हा पुरवठा अधिकारी. इंग्रजीत मात्र या कामासाठी तीन-चार वेगळे शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दाचे सोबती ठरलेले आहेत. एकेकटा शब्द पाठ करणारी मुले वाक्य लिहिताना अडतात. तोच शब्द सोबत्यासह पाठ केला तर वाक्य सहज जुळते. म्हणून या आठवड्यात पुरवठ्याच्या जोड्या पाहू.

सुरुवात नळापासून करू. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी येते. हा झाला 'वॉटर सप्लाय'. रोज ठरल्या वेळी आला तर 'रेग्युलर सप्लाय'. आयाबायांना 'नळ आला काय वं?' असे विचारत बसावे लागले तर 'इरेग्युलर सप्लाय'. मुले 'सप्लाय इज लेस' असे लिहितात. त्याऐवजी 'इनॲडिक्वेट सप्लाय' म्हणजे अपुरा पुरवठा, असे लिहावे. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरींना पाणी असते, पण ते खारे. तेथे गोडे पाणी 'इन शॉर्ट सप्लाय' आहे, म्हणजे त्याची टंचाई आहे.

आता 'टु' आणि 'विथ' यांचा घोळ मिटवू. वस्तू आधी आली तर 'टु': 'सप्लाय वॉटर टु द कॉलनी'. माणसे किंवा वस्ती आधी आली तर 'विथ': 'सप्लाय द कॉलनी विथ वॉटर'. 'प्रोव्हाइड'लाही हाच नियम लावा. 'प्रोव्हाइड बुक्स टु स्टुडंट्स' आणि 'प्रोव्हाइड स्टुडंट्स विथ बुक्स' ही दोन्ही बरोबर आहेत.

विजेला 'पॉवर सप्लाय' म्हणतात. तोडणे म्हणजे 'डिस्कनेक्ट द सप्लाय' आणि पुन्हा जोडणे म्हणजे 'रिस्टोअर द सप्लाय'. येथे एक गोष्ट घरोघरी माहीत हवी. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे बिल थकले म्हणून वीज तोडायची असेल, तर आधी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हा नियम माहीत असला की दारात आलेल्या माणसाला 'नोटीस दाखवा' असे शांतपणे विचारता येते.

'सप्लाय' म्हणजे वस्तू पोचवणे. 'प्रोव्हाइड' म्हणजे सोय करून देणे, जबाबदारी उचलणे. 'प्रोव्हाइड फॅसिलिटीज' म्हणजे सोयी करून देणे. 'प्रोव्हाइड फॉर द फॅमिली' म्हणजे कुटुंबाचा चरितार्थ चालवणे. एमआयडीसीत पाळी करणारा बाप हे करतो आणि निंदायला जाणारी मायही हेच करते. तेव्हा वाक्यात नेहमी 'फादर'च लिहू नका, 'मदर'ही लिहा.

यावरूनच 'प्रोव्हिजन' हा शब्द झाला. किराणा दुकानाच्या पाटीवर तो सर्वांनी वाचलेला असतो. आम्ही कॉमर्सवाले त्याला 'तरतूद' म्हणतो. उधारी बुडेल म्हणून हिशेबात आधीच रक्कम बाजूला ठेवायची, ती 'प्रोव्हिजन फॉर बॅड डेट्स'. कायद्यातही तोच शब्द येतो. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५ मध्ये चौथा भाग आला. मागासवर्ग, अनुसूचित जाती आणि जमातींच्या उन्नतीसाठी राज्याला 'स्पेशल प्रोव्हिजन' करता येते, ते त्याच्याच आधारे. तेथे जोडी 'मेक' शब्दाशी: 'मेक प्रोव्हिजन'.

आता नीट लक्ष द्या. 'प्रोव्हाइड'च्या आधी कोणता शब्द बसला आहे, यावर पिढ्यांचे भवितव्य ठरते. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, असे संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये होते. ही मर्यादा १४ च का, हे सांगताना २३ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत बालमजुरीबंदीच्या कलमाकडे बोट दाखवले होते. ज्या वयात मुलाला कारखान्यात ठेवता येत नाही, त्या वयात त्याची जागा शाळेत हवी, असा तो विचार होता. पण त्या मार्गदर्शक कलमात शब्द होते 'शॅल एन्डेव्हर टु प्रोव्हाइड', म्हणजे राज्य प्रयत्न करील. मुदत १० वर्षांची होती, आणि दशके लोटली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आणले. ते शिक्षण हक्क कायद्यासह १ एप्रिल २०१० पासून लागू झाले. तेथे ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी शब्द आहेत 'शॅल प्रोव्हाइड', म्हणजे राज्याने दिलेच पाहिजे. 'एन्डेव्हर' हा एक शब्द गळायला ६० वर्षे लागली.

आणखी एक जोडी आमच्या इतिहासानेच आम्हाला शिकवली आहे. महाडच्या चवदार तळ्यात पाणी भरपूर होते. तेथे 'सप्लाय' कमी नव्हता. नाकारला होता तो 'ॲक्सेस टु वॉटर', म्हणजे पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, ते या हक्कासाठी. म्हणून गावात नळयोजना झाली असे कोणी सांगितले, तर दुसरा प्रश्न विचारावा: आमच्या वस्तीपर्यंत पाइप आला का?

शेवटची जोडी रेशनची, 'एन्टायटल्ड टु'. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे अंत्योदय कुटुंब महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणूस ५ किलो धान्याला 'एन्टायटल्ड' आहे. म्हणजे हे धान्य दुकानदाराच्या मेहेरबानीचे नव्हे, हक्काचे आहे.

अर्ज मराठीत करायला आम्हाला कोणाची आडकाठी नाही. पण उच्च न्यायालयाचे निकाल आणि स्पर्धा परीक्षांचे पेपर बरेचदा इंग्रजीतच पुढे येतात. तेथे आमचा मुलगा, आमची मुलगी केवळ शब्दावाचून मागे राहू नये.

या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मुलांना एवढे काम द्या. घरातले विजेचे बिल आणि रेशनकार्ड समोर ठेवून या जोड्या वापरून पाच वाक्ये लिहायला सांगा. वाक्ये मोठ्याने वाचून घ्या आणि प्रत्येकाचा अर्थ आजीला मराठीत सांगायला लावा. आजीला समजले, म्हणजे मुलाला समजले.

जय भीम.