पाकिटावर न छापलेला पत्ता

औषधाच्या पाकिटावर बरेच काही छापलेले असते. किंमत, मुदत, बॅच नंबर, गोळी तयार करणाऱ्या कारखान्याचा पत्ता. त्यात अंबरनाथ किंवा बदलापूर वाचले की आपल्या भागातल्या माणसाला बरे वाटते. पण ताप उतरवणारे किंवा जंतू मारणारे गोळीतले मूळ द्रव्य कुठून आले, हे पाकिटावर सहसा नसते. या द्रव्याला व्यवसायात बल्क ड्रग म्हणतात. दारात गिरणी आहे म्हणून गहू आपल्या शेतातला होत नाही, तसेच हे आहे.

भारत जितके बल्क ड्रग आयात करतो, त्यातले सुमारे दोन-तृतीयांश चीनमधून येते. व्यापारी करारांवर चर्चा होते तेव्हा ही गोष्ट आठवली पाहिजे. ती आठवण्याचा एक प्रसंग ४ नोव्हेंबर २०१९ रोजी आला होता. त्या दिवशी बँकॉकमध्ये भारताने 'आरसेप' या आशियातील मोठ्या व्यापारी गटात सामील होण्यास नकार दिला. सात वर्षांच्या वाटाघाटींनंतरचा हा निर्णय होता. स्वस्त चिनी मालाची आणि न्यूझीलंडच्या दूध पावडरीची भीती खरी होती. आपल्या दूध उत्पादकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, तो उगाच नव्हे. उरलेल्या पंधरा देशांनी २०२० मध्ये करारावर सह्या केल्या.

पण गटाबाहेर राहिल्याने औषधांचे परावलंबन संपले का? उत्तर चार महिन्यांत मिळाले. चीनमध्ये करोना पसरला, तिथले कारखाने बंद पडले आणि आपल्याकडे कच्च्या मालाचे भाव चढले. ३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारला २६ बल्क ड्रग आणि त्यांपासून बनणाऱ्या औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. त्यात पॅरासिटामॉल होते. पॅरासिटामॉल आपण इथेही बनवतो, पण ते ज्यापासून बनते त्या पॅरा-अमिनोफिनॉलसाठी नजर चीनकडेच होती. करारावर सही केली नाही, तरी जहाज त्याच बंदरातून यायचे होते.

आपला तो मोडलेला साखरपुडा होता. ब्रिटनचा मात्र अनेक दशकांच्या संसारानंतरचा घटस्फोट होता. जून २०१६ च्या सार्वमतात सुमारे ५२ टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला. प्रचारात एका बसवर लिहिले होते की युरोपला जाणारे आठवड्याचे ३५ कोटी पौंड आपल्या आरोग्यसेवेला देऊ. प्रत्यक्षात काय झाले? युरोपची औषध नियामक संस्था लंडनमधून ॲमस्टरडॅमला गेली. युरोपातून ब्रिटनमध्ये नव्याने नोंदणी करणाऱ्या परिचारिकांची संख्या २०१५-१६ मध्ये नऊ हजारांहून अधिक होती, ती दोन वर्षांत हजाराच्या खाली आली. भाषेच्या नव्या परीक्षेचाही त्यात वाटा होता. ती पोकळी भरली भारत आणि फिलिपिन्समधल्या परिचारिकांनी. एप्रिल २०२० मध्ये पॅरासिटामॉलची सुमारे तीस लाख पाकिटे ब्रिटनने मागवली ती भारताकडून, आणि तीही आपण निर्यातबंदीतून खास परवानगी दिल्यावर.

म्हणजे ब्रिटनने युरोपवरचे अवलंबित्व सोडले आणि आपल्यावरचे वाढवले. आपण स्वतः चीनवर अवलंबून होतो. गट सोडण्याचा निर्णय एका बैठकीत किंवा एका मतदानात होतो. औषध बनवण्याची किंवा परिचारिका घडवण्याची क्षमता उभी राहायला दशके लागतात, आणि मोडायला फार वेळ लागत नाही.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९५४ मध्ये पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. आज रोज लिहून दिली जाणारी ॲमॉक्सिसिलिनही पेनिसिलिन जी या द्रव्यापासूनच पुढे बनवतात. नव्वदच्या दशकात आयात खुली झाल्यावर स्वस्त मालापुढे पेनिसिलिन जी बनवणारे देशातले कारखाने थंडावले. २०२० मध्ये केंद्राने बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली, आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाडा येथे पेनिसिलिन जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. हे स्वागतार्ह आहे. पण थांबलेली चूल पुन्हा पेटवायला जवळपास तीन दशके लागली, हेही लक्षात ठेवावे.

आता आपल्या भागाचा प्रश्न. बल्क ड्रग इथेच बनवा म्हणणे सोपे आहे. पण गोळी बांधण्यापेक्षा मूळ द्रव्य बनवण्यात सांडपाणी आणि विषारी वायू कितीतरी जास्त निघतात. वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत ओतलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरमध्ये शेकडो लोकांना श्वासाचा, मळमळीचा त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. प्रतिजैविकांचे अंश सांडपाण्यात गेले तर धोका आणखी वेगळा. त्या पाण्यातले जंतू औषधाला सरावतात आणि पुढे तेच औषध रुग्णावर चालत नाही. स्वस्त औषधाची अशी न दिसणारी किंमत आजवर परदेशातल्या नद्यांनी भरली असेल, तर ती वालधुनी आणि उल्हास नदीच्या माथी मारणे म्हणजे स्वावलंबन नव्हे.

मग करायचे काय? सरकारी खरेदीपासून सुरुवात करता येईल. राज्यात २०२३ पासून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. निविदेत सर्वांत कमी दर पाहताना बल्क ड्रग कुठले, हेही विचारावे. जीवनावश्यक औषधांसाठी निदान दोन वेगळ्या देशांतले स्रोत असावेत आणि त्यांचा काही महिन्यांचा साठा राहावा. देशी बल्क ड्रगला थोडा जास्त दर द्यावा, पण सांडपाणी प्रक्रियेचा हिशेब चोख असेल त्याच कारखान्याला. आणि दर करारापूर्वी शेतकरी व उद्योजकांबरोबर आरोग्य खात्यालाही टेबलावर बसवावे.

यासाठी पैसे जास्त लागतील. मधुमेहाची गोळी काही पैशांनी महागली तर ओरड होईल, आणि गरीब रुग्णाच्या बाबतीत ती रास्तही असेल. म्हणूनच तो भार रुग्णावर न टाकता सरकारने उचलावा. संरक्षण सामग्री देशात बनावी म्हणून आपण जास्त खर्च मान्य करतो. प्रतिजैविकांच्या बाबतीतही तो मान्य करायला हवा. करारात राहायचे की बाहेर पडायचे, हा वाद चालूच राहील. रुग्णाला मात्र दोन्ही वेळी त्याच खिडकीवर, तीच गोळी मिळाली पाहिजे.