केडगावच्या मुलींचा आवाज

मागच्या महिन्यात एकच व्हिडिओ माझ्या फोनवर तीन ग्रुपमधून आला. पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना सभा चालू आहे. एक बाई हात वर करून थरथरतेय, तिच्या शेजारची ओक्साबोक्शी रडतेय, समोर पाळक माईकवरून 'हालेलुया' म्हणतोय. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग आणि एक ओळ, 'बघा यांचं नाटक.' तीनपैकी एक ग्रुप आमच्याच लोकांचा होता. ज्यांच्या मोहर्रमच्या मातमचे, दर्ग्यावर हाल आलेल्या माणसाचे असेच व्हिडिओ काढून टर उडवली जाते, त्यांनी हे पुढे पाठवावं, हे मला खटकलं.

पण आज लिहायचं आहे ते थट्टा करणाऱ्यांबद्दल नाही. अशा रडण्या-थरथरण्याबद्दल खुद्द ख्रिस्ती लोकांना काय वाटतं, हे आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळे 'मिशनरी' एकाच साच्यातले दिसतात, जसे आपण त्यांना दिसतो. प्रत्यक्षात या विषयावर त्यांच्यात जेवढी भांडणं झाली आहेत, तेवढी बाहेरच्यांनीही त्यांच्याशी केली नसतील.

मला हे पहिल्यांदा कळलं ते नगरला शिकत असताना. ज्या घरात मी खोली घेऊन राहत होतो ते कुटुंब तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. घरातल्या आजी दर रविवारी पांढरी साडी नेसून, 'उपासना संगीत'चं पुस्तक पदराखाली धरून जुन्या चर्चला जायच्या. पेटीवर गीतं, मग उपदेश, मग आशीर्वाद, की घरी. धाकटा मुलगा मात्र एका नव्या मंडळीत जाऊ लागला होता. तिथे ड्रम, गिटार, तीन-तीन तास प्रार्थना आणि अन्यभाषा. आजी म्हणायच्या, "देवाला कमी ऐकू येतं का रे?" तो म्हणायचा, "आई, तुझ्या चर्चमध्ये सगळे झोपेतच असतात." जेवताना हे रोजचं होतं.

त्या दोघांना ठाऊक नव्हतं, पण त्यांचं भांडण पावणेतीनशे वर्षांहून जुनं आहे. १७४०च्या सुमारास अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. प्रवचन ऐकता ऐकता लोक किंचाळायचे, जमिनीवर कोसळायचे. बोस्टनच्या फर्स्ट चर्चचे चार्ल्स चॉन्सी यांना हा सरळसरळ माथेफिरूपणा वाटला. १७४३ मध्ये त्यांनी याविरुद्ध एक जाडजूड ग्रंथच लिहिला. भावनांवर बुद्धीचा लगाम हवा, हा त्यांचा गाभा. दाखले शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये जेम्स डेव्हनपोर्ट नावाच्या पाद्र्याने न्यू लंडन गावात होळी पेटवून नामवंत धर्मपंडितांची पुस्तकं तीत टाकली. दुसऱ्या दिवशी भपकेबाज कपड्यांची पाळी आली, तेव्हा भरात येऊन स्वतःची विजार काढून ढिगावर फेकली. एका बाईने ती उचलून त्याच्याच अंगावर भिरकावली आणि मग कुठे त्याची नशा उतरू लागली. पुढच्या वर्षी त्याने जाहीर माफीनामा छापला.

या दोघांच्या मधे उभे होते जोनाथन एडवर्ड्स. स्वतः जागृतीचे प्रवचनकार, पण भोळे नव्हते. १७३५ मध्ये त्यांच्या गावात अशीच लाट असताना त्यांच्याच मावशीच्या यजमानांनी आपण देवाच्या कृपेला मुकलो या धास्तीने गळा चिरून घेतला होता. एडवर्ड्सनी मांडलं ते इतकंच की अंग थरथरलं म्हणून ते देवाचं ठरत नाही, आणि थरथरलं म्हणून सैतानाचंही ठरत नाही. शरीरावरून काहीच सिद्ध होत नाही. माणूस पुढे कसा जगतो ते बघा. १७४६च्या त्यांच्या ग्रंथात ही कसोटी फार बारकाईने आली आहे. मला स्वतःला चॉन्सीपेक्षा एडवर्ड्स पटतात, पण त्यांच्याहीपेक्षा जास्त पटणारी व्यक्ती आपल्या पुणे जिल्ह्यात होऊन गेली.

पंडिता रमाबाई आपल्याला शारदा सदन आणि विधवांचं शिक्षण यांपुरत्याच शिकवल्या जातात. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यावरून झालेलं वादळही माहीत असतं. त्यानंतरच्या रमाबाई मात्र पुरोगाम्यांना अवघड वाटतात आणि सनातन्यांना नकोशा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १८९७ आणि १९००च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या शेकडो मुली आणि बालविधवा होत्या. १९०५च्या जूनमध्ये तिथे पाचशेच्या वर स्त्रिया रोज दोनदा प्रार्थनेला जमत होत्या. वेल्समध्ये जागृतीची लाट उसळल्याची बातमी तोवर पोहोचली होती. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगावर पवित्र आत्म्याचा अग्नी उतरल्याचा अनुभव आला. मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी नोंदवलं आहे की खोलीतल्या दुसऱ्या मुलीला ती खरोखर जळताना दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

त्या थांबल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. संस्कृत पंडिता, हजारोंच्या सभा गाजवलेली बाई. काठी आपटून मुलींना गप्प करणं तिला जमलं नसतं असं नाही. बाहेरचे मिशनरी कुरकुरू लागले की हा गोंगाट आहे, उन्माद आहे, यात शिस्त नाही. रमाबाईंचं उत्तर साधारण असं होतं की भारतीय माणसाला देवाने जसा स्वभाव दिला आहे तसाच तो प्रार्थना करील, त्याने पाश्चात्त्य रीतीनेच शांत बसावं असा देवाचा आग्रह नाही. पुढे अन्यभाषांचा प्रश्न आला. काही मुली न कळणाऱ्या भाषेत बोलू लागल्या. १९०७ मध्ये 'मुक्ती प्रेअर बेल'मध्ये रमाबाईंनी या मुलींची बाजू घेतली. पण स्वतःला ते दान मिळाल्याचा दावा केला नाही आणि ज्याला ते मिळालं नाही त्याच्यात पवित्र आत्मा नाही, हेही मान्य केलं नाही. त्यांच्या लेखी खरी खूण प्रेमाची होती.

आवाज दाबू नका, पण आवाजाची परीक्षाही घेऊ नका. ही भूमिका वाटते तितकी सोपी नाही. नेमकी त्याच वर्षांत, हजारो मैल दूर, ती टिकली नाही.

केडगावनंतर दहा महिन्यांनी, एप्रिल १९०६ मध्ये, लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर एका पडीक इमारतीत विल्यम सेमूर यांच्या सभा सुरू झाल्या. सेमूर काळे, गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचे पुत्र. त्या सभांत काळे, गोरे, मेक्सिकन एकत्र गुडघे टेकत. १९०६च्या अमेरिकेत हे अन्यभाषांपेक्षा मोठं आश्चर्य होतं. वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली. पण सर्वांत जहरी टीका केली ती सेमूर यांचेच शिक्षक चार्ल्स पॅरहॅम यांनी. ह्यूस्टनमध्ये त्यांनी सेमूरना वर्णभेदाच्या नियमामुळे वर्गाबाहेर बसवून शिकवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते अझूसाला आले आणि काळ्या-गोऱ्यांचं हे मिसळणं बघून हादरले. अन्यभाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची आवश्यक खूण आहे, हा सिद्धान्त याच पॅरहॅम यांचा. म्हणजे अन्यभाषा चालत होत्या, शेजारी काळा माणूस गुडघे टेकून बसलेला चालत नव्हता. सेमूर पुढे प्रेमाच्या कसोटीकडे वळले, पण मोठ्या पेंटेकॉस्टल संघटनांनी खुणेचाच सिद्धान्त धरला. १९०९ मध्ये जर्मनीतल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी तर बर्लिनमध्ये जाहीरनामा काढून ही चळवळ वरून नव्हे, खालून आली आहे असं सांगितलं. खालून म्हणजे कुठून, हे सांगायला नको.

कॅथलिकांची तऱ्हा निराळी. १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांपासून त्यांच्यात ही लाट सुरू झाली. चर्चने ती बाहेर न ढकलता आपल्या छपराखाली घेतली. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये मोकळेपणाने कबूल केलं होतं की अर्जेंटिनात असताना त्यांना या लोकांचं वावडं होतं, ही उपासना आहे की सांबा नाचाची शाळा, असं वाटायचं. नंतर मत बदललं. धर्मगुरूने जाहीरपणे मत बदलल्याचं सांगावं, हे दुर्मीळच.

आणि विरोधकांना मूर्ख समजण्याचं कारण नाही. १९९४ मध्ये टोरांटो विमानतळाजवळच्या एका चर्चमध्ये लोक तासन्‌तास हसू लागले, काही जण जनावरांसारखे आवाज काढू लागले. ज्या व्हाइनयार्ड चळवळीचा हा भाग होता, तिनेच पुढच्या वर्षाअखेर त्यांच्याशी संबंध तोडला. व्हाइनयार्डवाले स्वतः करिश्माई, तरी त्यांनाही हे अती वाटलं. कॅलिफोर्नियाचे जॉन मॅकआर्थर तर अशा दानांचा काळ प्रेषितांबरोबरच संपला असं मानत. २०१३ मध्ये त्यांनी संपूर्ण करिश्माई चळवळीविरुद्ध परिषद भरवली, पुस्तक काढलं. त्यांचा सरसकटपणा मला पटत नाही. पण आजार बरा करण्याच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या टीव्ही प्रवचनकारांवरचा त्यांचा राग खोटा नव्हता. उलट २०२३च्या फेब्रुवारीत केंटकीतल्या अॅस्बरी विद्यापीठात प्रार्थना संपता संपेना, दोन आठवडे चालली, सहा हजार वस्तीच्या गावात माणसांचा पूर लोटला. तिथल्या लोकांनी नामांकित प्रवचनकारांना मंच दिला नाही आणि शेवटी आपणहून ते थांबवलं. तरी टीका झालीच: गाणी फार, उपदेश कमी.

या सगळ्याकडे मुसलमान म्हणून बघताना मला परकं फारसं काही वाटत नाही. कुरआन ऐकून बेशुद्ध पडणाऱ्यांबद्दल बसऱ्याच्या इब्न सिरीन यांना विचारलं गेलं, तेव्हा ते म्हणाले होते की त्यांना भिंतीवर बसवा, सगळा कुरआन वाचून दाखवा, पडले तर खरे. दुसरीकडे गझालींनी समा आणि वज्दवर 'इह्या'मध्ये अख्खं प्रकरण लिहिलं. समामध्ये जुनैद बगदादी हलत का नाहीत असं कुणी विचारलं, तर त्यांनी स्थिर दिसणाऱ्या पण ढगांसारख्या सरकणाऱ्या पर्वतांच्या आयतीचा हवाला दिला. जो डोलतो त्याला ढोंगी म्हणू नका, जो डोलत नाही त्याला कोरडा म्हणू नका. आपल्याकडे हे दोन्ही रोज म्हटलं जातं.

इब्न सिरीन यांची भिंत मला कॉलेजच्या वयात फार आवडायची. आता तितकी आवडत नाही. ती ढोंग्याला पकडते, हे खरं. पण केडगावच्या मुलीला भिंतीवर कोण बसवणार? आईबाप दुष्काळात गेलेले, नवरा कधी बघितलाही नाही आणि डोकं भादरलेलं. तिला रडायला जागा मिळायला पंधरा-सोळा वर्षं लागली. ती खरी रडते की खोटी, हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा असा असतो ज्याचं रडणं आयुष्यात कुणी अडवलेलं नसतं. मला भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची, त्या रडण्याचा ताबा माईकवाल्याकडे जाण्याची.

नगरच्या त्या घरात हे दोन्ही घडलं. मी तिथून निघाल्यावर चार वर्षांनी धाकट्याच्या बायकोचं पहिलं मूल आठ महिन्यांचं होऊन गेलं. आजींच्या चर्चमध्ये लोक आले, हात जोडले, एक गीत म्हटलं, चहा घेऊन गेले. कुणी वाईट वागलं नाही. पण ती सून बोलेना, रडेना. नवऱ्याच्या मंडळीत तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती जमिनीवर कोसळून दोन तास रडली आणि चार अनोळखी बायका तिला धरून बसल्या. त्या रात्री ती जेवली. दोन महिन्यांनी त्याच मंडळीत बाहेरगावचा एक प्रवचनकार आला आणि विश्वास कमी पडला की लेकरं जातात, असं तिच्यादेखत बोलला.

नंतर मी भेटायला गेलो तेव्हा आजींनीच हे सांगितलं. मला वाटलं, आता सुनेला परत जुन्या चर्चला नेलं असेल. नाही. आजीच तिच्यासोबत नव्या मंडळीत जाऊ लागल्या होत्या, महिन्यातले दोन रविवार. शेवटच्या बाकावर बसतात, ड्रम वाजायला लागले की पदर कानावर घेतात. बाहेरचा कुणी बोलायला उभा राहिला की सुनेचा हात धरून सरळ उठतात. मुलगा रागावतो, म्हणतो मंडळीसमोर लाज जाते.

"जाऊ दे," आजी म्हणाल्या. "तिथं तिला रडू येतं. ते बोलायला लागले की आम्ही चहाला जातो."