आधी कापड ठरवा, मग प्रिंटर

घरातून मग आणि टी-शर्ट छापून देण्याचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता प्रिंटर घेऊ? माझा उलट प्रश्न असतो: छापणार कशावर? त्याचं उत्तर पक्कं होईपर्यंत एक रुपयाही गुंतवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीला परवडते ती सब्लिमेशनची छपाई. तिची शाई साधारण 180 ते 200 अंशांना वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात मुरते. त्यामुळे छपाई हाताला लागत नाही, धुऊनही टिकते. चित्र आधी कागदावर छापतात, तिथे मात्र ते फिकट, मळकट दिसतं. तो कागद मगला टेपने घट्ट चिकटवून हीट प्रेसमध्ये तापवला, की खरे रंग खुलतात. म्हणून गिऱ्हाईकाला नुसता कागद कधी दाखवू नका. मर्यादाही पक्क्या आहेत. सुती कापडावर ही शाई धरत नाही. तिच्यात पांढरा रंग नसतो, त्यामुळे काळ्या टी-शर्टावर ती दिसत नाही. मगही कोटिंग केलेलाच लागतो.

यासाठी बरेच जण एपसनचा साधा इंक टँक प्रिंटर घेऊन त्यात सब्लिमेशनची शाई भरतात. त्याचं पिएझो हेड शाई न तापवता दाबाने फेकतं, म्हणून ते जमतं. शाई तापवून फेकणाऱ्या प्रिंटरच्या वाटेला जाऊ नये. बाहेरची शाई भरली, की वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी हवी.

मग गणपती येतात, मंडळाला काळे सुती टी-शर्ट हवे असतात आणि डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट-टू-फिल्म, मशीनचा मोह होतो. फिल्मवर रंग, त्यावर पांढरा थर, वर गोंदाची पावडर वितळवायची आणि प्रेसने कापडावर उतरवायचं. सुती, काळं, सगळं चालतं. पण पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, ते तळाशी बसतं. चार दिवस मशीन बंद राहिलं तरी हेड चोक होऊ शकतं, आणि नवं हेड फार महाग पडतं. पावडर वितळताना धूर होतो, तो घरात कोंडू देणं पोराबाळांसाठी वाईट. सणापुरतं काम असणाऱ्याने हे मशीन कर्ज काढून घेतलेलं पाहिलं, की मला खरोखर काळजी वाटते.

डीटीएफची फिल्म मीटरवर छापून देणारे जॉबवर्कवाले आता सहज मिळतात. फिल्म त्यांची, सपाट हीट प्रेस आपली. एकाच रंगाचे दोनशे टी-शर्ट असतील, तर सरळ स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जा. फिल्म रोज मागवावी लागू लागली, की मशीनचा विचार करा. तेव्हाही दुरुस्ती करणारा माणूस कुठल्या गावाहून येणार, हे आधी विचारा.

विक्रेत्याकडे जाताना आपलं कापड सोबत न्या, समोर छापून घ्या, घरी आणून चार-पाच वेळा धुवा. त्यानंतरच बयाणा द्या.