कव्हर की कॉपी?

फेस्टिव्हल जवळ आला की कँटीनमध्ये एक वाद हमखास रंगतो. 'तो बँड? नुसती कव्हर्स वाजवतो राव, स्वतःचं काहीच नाही!' खारघरपासून पवईपर्यंत कुठल्याही कॉलेजात हेच ऐकायला मिळतं. ओरिजिनल वाजवणारे कलाकार, आणि कव्हर वाजवणारे म्हणजे कॉपी मारणारे! मला हे अजिबात पटत नाही.

मेटालिकाचंच बघा ना. १९८६ साली त्यांचा बेसिस्ट क्लिफ बर्टन अपघातात गेला. नव्या बेसिस्टला घेऊन १९८७ मध्ये त्यांनी पहिलं रेकॉर्ड काढलं, तेही दुसऱ्यांच्या गाण्यांचं. मग १९९८ मध्ये आला 'गॅरेज इंक.', दोन सीडी आणि तब्बल २७ गाणी. तोवर ते जगप्रसिद्ध होते, म्हणजे गाणी सुचेनात म्हणून काही त्यांनी हा उद्योग केला नाही. त्यातली चार गाणी डायमंड हेड या ब्रिटिश बँडची. आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव मेटालिकामुळेच कळलं. कॉपी मारणारा मूळ नाव लपवतो, कव्हर करणारा ते चार लोकांत सांगतो. फरक आहे तो एवढाच, पण मोठा आहे.

आणि आपल्याकडे हे नवीन आहे का? तुकोबांचा एकच अभंग दहा गावांतली भजनी मंडळं दहा चालींवर गातात. त्यांना कोणी कॉपी म्हणत नाही. शिवाय शेवटी 'तुका म्हणे' येतंच, म्हणजे क्रेडिट गाण्यातच फिट! आज मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा बँड अभंग गिटार-ड्रम्सवर गातो. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना तुकोबा पेपरातल्या मार्कांपुरतेच माहीत होते, ते इयरफोनमध्ये आले ते असे.

मग कॉलेजच्या बँडने मराठी गाण्यांचा कव्हर अल्बम का काढू नये? अडचण आहे कायद्याची. २०१२ च्या दुरुस्तीनुसार मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी व्हर्जन काढता येतं. पण वर्षाला प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची, आणि मालकाच्या संमतीशिवाय शब्द-चालीत बदल करायचा नाही. पॉकेटमनीवर चालणाऱ्या बँडला हे झेपणार कसं? भाषेचा खप बघून हा आकडा कमी करण्याची सोय कायद्यातच आहे. मराठीसाठी तिचा उपयोग व्हायलाच हवा.

तोवर संतांचे शब्द आहेतच, ते सगळ्यांचे. चाल मात्र जपून घ्या. 'अभंग तुकयाचे'मधले शब्द मोकळे आहेत, पण श्रीनिवास खळ्यांच्या चाली अजून कॉपीराइटमध्ये आहेत. तेव्हा चाल आपली आपण लावायची.

आणि आपल्या फेस्टच्या आयोजकांना एक विनंती. कव्हरला बंदी किंवा कमी मार्क नकोत, दोनच अटी ठेवा. मूळ कवी-संगीतकाराचं नाव स्टेजवरून सांगायचं, आणि वाजवण्यात स्वतःचं काहीतरी दिसलं पाहिजे. मग बघू, कॉपी कोण म्हणतंय ते!